बिछान्याचे चिन्ह दाबायला विसरू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमध्ये मालट्रक चालवू इच्छिणाऱ्या मराठी चालकांसाठी हे पत्र. साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती येथे बंधनकारक असून तिची नोंद डिजिटल टॅकोग्राफ, म्हणजे चालकाच्या कामाच्या व विश्रांतीच्या वेळा टिपणारे गाडीतले यंत्र, ठेवते. गाडी थांबताच हे यंत्र आपोआप ‘इतर काम’, म्हणजे दोन हातोड्यांचे चिन्ह दाखवते; बटण दाबून बिछान्याचे, म्हणजे विश्रांतीचे चिन्ह आणले नाही, तर निवांत घेतलेला चहाही कामातच धरला जातो. शिवाय नोंदी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होतात, त्यामुळे उन्हाळ्यात मनगटावरचे घड्याळ तासभर पुढे असते. इंजिन बंद करताच विश्रांती नोंदवली जाईल, अशी सोय अधिकृत कार्यशाळेत करून मिळते. मालकांनी ती आधीच करून घ्यावी.

आपला,
एक ट्रकचालक, लेस्टर