आशाताई, आबांचे डोळे तुम्ही उजेडात पाहिले म्हणून

ताई, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "माझं कामच आहे ते" म्हणत गाडीला किक मारता, म्हणून इथं लिहितोय.

आबांच्या टीबीच्या गोळ्यांना दीड महिना झालेला. त्यातल्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नका, हे तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलेलं, त्यामुळे रंग बघून आम्हाला काहीच वाटलं नाही. मग जेवण तुटलं, कळण्याची भाकरी अन् भरीत समोर असून आबा ताट सरकवायचे, तरी आम्ही म्हणायचो गोळ्यांची गरमी. अन् त्या गरमीवर मीच (हो मीच, दुसऱ्याला कशाला दोष देऊ) बांधावरच्या लिंबावरची गुळवेल आणून दोन टाइम काढा पाजत होतो, वरून हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवलेल्या.

तुम्ही आल्या, आबांना घरातल्या बल्बखालून ओट्यावर आणलं, वरची पापणी उचलून खाली बघायला लावलं. पिवळेजर्द. "गोळ्यांशिवाय अजून काय घेता?" तर आबा म्हणे काहीच नही. तोवर तुमची नजर कोनाड्यातल्या बाटलीवर गेलेली. "झाडपाला शे ताई, त्यानी काय व्हई?" तुम्ही वाद घातला नाही, ओरडल्याही नाहीत, बाटली, कॅप्सूल, गोळ्यांची पाकिटं सगळं एका पिशवीत भरून दिलं अन् त्याच दिवशी आम्हाला धुळ्याला काढलं.

एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतो तो आकडा) 480, जिथं नॉर्मल 40च्या आसपास असतो. डॉक्टरांनी आधी ती पिशवीच उलटी केली. म्हणाले चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन अन् पायराझिनामाइड ही तीन आधीच लिव्हरला जड, गुळवेलीने लिव्हर बिघडल्याच्या 6 केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी 2021ला छापल्यात (आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं हेही त्यांनीच सांगितलं), हळदीच्या कॅप्सूलनेही काहींना त्रास होतो अन् मिऱ्यातलं पिपेरीन काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. नेमकं कोणी केलं ते छातीठोक सांगता येणार नाही म्हणे. सगळं बंद केलं, रिपोर्ट उतरल्यावर टीबीच्या गोळ्या एकेक करून परत चालू केल्या.

आता कोर्स संपला ताई. गुळवेल अजून लिंबावर आहे, आबा तोडू देत नाहीत. रविवारी शेजारचे काका तुकडा मागायला आले तर आबाच विचारतात, "आधी सांग, तुले कोनत्या गोळ्या चालू शेतस?"