अंतराळावरचा खर्च खरोखर किती?

महोदय,

युद्धे आणि उपासमार समोर दिसत असताना अंतराळ मोहिमांवर पैसा कशाला, हा प्रश्न गैर नाही. मात्र तो विचारणारे आकडे क्वचितच पाहतात. चांद्रमोहिमांच्या ऐन भरात, १९६६ साली, अमेरिकी संघराज्याच्या खर्चातील सुमारे साडेचार टक्के वाटा नासाला मिळत होता. आज तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. १ एप्रिल १९६० रोजी सोडलेल्या टायरॉस-१ या हवामान उपग्रहाने पाठवलेली ढगांची चित्रे धूसरच होती, पण त्याच वाटेने पुढे समुद्रावर घोंघावणारे चक्रीवादळ किनाऱ्याला धडकण्याच्या कित्येक दिवस आधी दिसू लागले आणि वस्त्या वेळेत हलवता येऊ लागल्या. धनिकांच्या काही मिनिटांच्या अंतराळ सहलींचे समर्थन मात्र (निदान मला तरी) करवत नाही.

– एक वाचक