सई जज झाली त्यावरून आठवलं

प्रिय संज्या,

तुझा फोन आला तेव्हा इकडे रात्रीचे दोन वाजले होते, स्क्रीनवर तुझं नाव बघून पोटात गोळाच आला, या वेळेला नाशिकहून फोन म्हणजे काहीतरी वाईटच असणार, आणि तू 'पोरगी जेएमएफसी झाली रे' म्हणून रडायलाच लागलास, आपली सई प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी! वैशाली उठून बसली, तिला वाटलं कोण गेलं. मग आम्ही दोघांनी दोन वाजता चहा केला. तुझ्या त्या टेबलाखाली वहीत चित्रं काढत बसणाऱ्या सईला आता तुझेच दोस्त वकील वाकून 'मॅडम' म्हणणार, मजा आहे बाबा!

तर तिने फोनवर विचारलेलं, काका तिकडे जजला खरंच मतं मागावी लागतात का, मी हो म्हटलं, ती हसली आणि तेवढ्यात लाईन कट. ते अर्धं उत्तर डोक्यात घोळतंय म्हणून हे लिहितोय. व्हॉट्सॲपवर मावणार नाही एवढं आहे.

कॅलिफोर्नियात आमच्या सांता क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे जिल्हाच समज) ट्रायल कोर्टाला सुपीरियर कोर्ट म्हणतात. नाव भारदस्त, काम तुझ्या सीबीएसजवळच्या कोर्टातलंच. खून, घटस्फोट, भाडेकरू, दारू पिऊन गाडी, सगळं. सईला एमपीएससी, इंटरव्ह्यू, मग उत्तनला ट्रेनिंग, आणि पुढे सामान बांधून बदल्या. इथे परीक्षा नाही, बदली नाही. दहा वर्षं वकिली झालेली असली की उभं राहता येतं, सहा वर्षांची टर्म, पक्षाचं चिन्ह नाही. पण बहुतेक जण आधी मधेच रिकाम्या झालेल्या जागेवर गव्हर्नरच्या (आपल्याकडचा मुख्यमंत्रीच समज) नेमणुकीने येतात आणि मग निवडणुकीला सामोरे जातात. आणि ऐक, समोर कोणी फॉर्म भरला नाही तर त्यांचं नाव मतपत्रिकेवर छापतच नाहीत. बिनविरोध. आपल्या गावच्या सोसायटीसारखं.

(टेक्ससमध्ये तर पार्टीच्या तिकिटावर जज निवडून येतात. २०१८ मध्ये ह्यूस्टनकडे डेमोक्रॅटांची अशी लाट आली की हॅरिस काउंटीतले जुने जुने रिपब्लिकन जज एका रात्रीत घरी. त्यांचे निकाल कोणी वाचले असतील असं मला तरी वाटत नाही.)

आता आमच्याकडचा किस्सा. ॲरन परस्की. स्टॅनफर्डला शिकलेला, मग बर्कलीत लॉ, मग इथेच सरकारी वकील. २००२ ला जजच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. पुढच्याच वर्षी गव्हर्नर ग्रे डेव्हिसने त्याला जज नेमला! लोकांनी दाराबाहेर ठेवलेला माणूस खिडकीतून आत. मग वर्षानुवर्षं बसला, कोणाला नावही माहीत नव्हतं.

२०१५ च्या जानेवारीत स्टॅनफर्डचा एक पोहणारा पोरगा, बेशुद्ध पडलेल्या मुलीवर अत्याचार करताना सापडला. सायकलवरून चाललेल्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी पकडला त्याला. ज्यूरीने तिन्ही गुन्ह्यांत दोषी धरला, सरकारी वकिलांनी सहा वर्षं मागितली, आणि २ जून २०१६ ला परस्कीने दिली सहा महिने, ती पण काउंटी जेल. त्यातले तीनच महिने भोगून पोरगा बाहेर. त्या मुलीने कोर्टात वाचलेलं निवेदन जगभर गेलं, वैशालीने ते डायनिंग टेबलावर बसून मोठ्याने वाचलं आणि मधेच थांबली, पुढचं आमच्या रेवाने वाचलं. रेवा तेव्हा एकोणीसची. मला तिच्याकडे बघवेना.

आणि गंमत बघ, त्याच आठवड्यात ७ जूनला निवडणूक होती, परस्कीची टर्म संपत होती, पण फॉर्म भरायची मुदत कधीच गेलेली, समोर कोणी नव्हतंच. म्हणजे अख्खी काउंटी पेटलेली असताना गडी बिनविरोध, बॅलटवर नाव पण नाही.

मग स्टॅनफर्डमधल्याच लॉच्या प्रोफेसर मिशेल डॉबर यांनी रिकॉलची, म्हणजे मुदतीआधीच मतदान घेऊन त्याला घरी पाठवायची, मोहीम काढली. किराणा दुकानाबाहेर पॅड घेऊन पोरं उभी, सही करा सही करा. नव्वद हजारांवर सह्या जमल्या. जजांच्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या राज्याच्या आयोगाने २०१६ च्या डिसेंबरातच सांगितलं होतं की याने काही गैर केलेलं नाही, प्रोबेशन ऑफिसरची (प्रोबेशन म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडणं) शिफारससुद्धा कमीच शिक्षेची होती. आणि डीए, म्हणजे काउंटीचा मुख्य सरकारी वकील, जेफ रोझन, ज्याच्या ऑफिसने सहा वर्षं मागितली तोच, त्याला शिक्षा पटली नव्हती पण तो रिकॉलच्या विरोधात! तुझ्यासारख्या वकिलाला यातली मेख लगेच कळेल. शिक्षा चुकली तर कायदा बदला, आणि तो बदललाही २०१६ च्याच सप्टेंबरात, आता अशा गुन्ह्यात नुसत्या प्रोबेशनवर सोडता येत नाही.

मतपत्रिका पोस्टाने घरी येते माहितीये ना. दोन प्रश्न होते, परस्कीला काढायचं का, हो की नाही, आणि काढला तर त्याच्या जागी कोण. वैशालीने उभ्या उभ्या हो केलं, सही, पाकीट बंद, फ्रिजवर चुंबकाखाली. माझं पाकीट तीन दिवस फळांच्या टोपलीत पडून होतं. मंडळातल्या ग्रुपवर सगळे हो, ऑफिसात सगळे हो, रेवाचा तर प्रश्नच नव्हता. ५ जून २०१८ ला एकसष्ट टक्क्यांहून जास्त मतांनी परस्की गेला, १९३२ नंतर कॅलिफोर्नियात मतदारांनी मुदतीच्या आधी घालवलेला पहिला जज. त्याच्या जागी आली सिंडी हेंड्रिक्सन, डीए ऑफिसमधलीच. त्यानंतर एका शाळेत मुलींच्या टेनिस टीमचा कोच म्हणून परस्कीला घेतलं होतं, बोंब झाली, तिथूनही काढलं.

नंतर एक अभ्यास वाचनात आला, कॅलिफोर्नियातल्या सहा काउंट्यांमधले शिक्षांचे आकडे तपासलेले. रिकॉल जाहीर झाल्याबरोबर जज लोकांनी शिक्षा कडक केल्या, म्हणजे ज्यांचा या केसशी काही संबंध नाही त्यांनाही झळ! आता याचं काय करायचं ते मला कळत नाही, कारण त्या मुलीचं निवेदन आठवलं की अजून डोकं सणकतं.

आता खरं सांगतो, आजवर कोणाला बोललो नाही. मी 'नाही' केलं होतं. रात्री, सगळे झोपल्यावर, किचनचा छोटा दिवा लावून. सकाळी रेवाने विचारलं, बाबा तू काय केलंस? मी म्हटलं, हो केलं, म्हणजे काय. तिने मिठी मारली. सात-आठ वर्षं झाली, मंडळात विषय निघाला की मी चहा आणायला उठतो.

सईला बाकीचं सगळं सांग. हे शेवटचं सांगायचं की नाही ते तू ठरव, फक्त वैशाली तिच्याशी दर रविवारी बोलते हे लक्षात ठेव. डिसेंबरात येतोय, पेढे नकोत, साधना मिसळीला ने.

तुझा,
बंड्या