महालावर किती खापर फोडायचे?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत १८९४-९५च्या चीन-जपान युद्धावरचा लेख वाचला. चीन-जपान म्हटले की आपण थेट १९३७ला जातो. डॉ. कोटणीसांमुळे ते साहजिकच आहे. म्हणून या जुन्या युद्धाची कोणी आठवण काढली याचा आनंद वाटला. मात्र चीनच्या पराभवाचे सारे खापर राजमाता त्सीशीच्या उन्हाळी महालावर फोडलेले पटले नाही.

आरमाराचा पैसा महालाकडे वळला, हे खरे. पण म्हणून ‘चीनकडे धड जहाजेच नव्हती’? जर्मनीत बांधलेल्या ‘डिंग्युआन’ आणि ‘झेन्युआन’ या चिलखती नौकांच्या तोडीचे एकही जहाज तेव्हा जपानकडे नव्हते. १७ सप्टेंबर १८९४ला यालू नदीच्या मुखाजवळ झालेल्या लढाईत या दोघींनी तासन् तास मार खाल्ला, पण त्या बुडाल्या नाहीत. बाकीच्या जहाजांपैकी ५ मात्र चीनने गमावली. जपानी जहाजे चपळ होती, त्यांच्या तोफा भराभर डागता येत. चिनी तोफांना पुरेसे गोळेच नव्हते.

खरे दुखणे वेगळेच. हे युद्ध चीन लढलाच नाही. लढले ते उत्तरेचे सुभेदार ली होंगझांग यांचे बेइयांग, म्हणजे उत्तरेचे, आरमार. दक्षिणेची आरमारे जवळपास तटस्थच राहिली. फेब्रुवारी १८९५मध्ये या आरमाराचा तळ वेहाइवेइ पडला, त्याचे प्रमुख ॲडमिरल डिंग रुचांग यांनी आत्महत्या केली. त्यानंतर शरणागतीच्या बोलणीत एका चिनी अधिकाऱ्याने जपानी ॲडमिरल इतो यांना चक्क विनंती केली, की ‘ग्वांगबिंग’ ही नौका दक्षिणेतल्या ग्वांगदोंग प्रांताची आहे, तिचा या युद्धाशी संबंध नाही, तेव्हा ती परत मिळावी! हसावे की रडावे? इकडे जपानात १८९३पासून युद्धनौकांसाठी सम्राट मेइजी स्वतःच्या खर्चातून दरसाल ३ लाख येन देत होते आणि सरकारी नोकरांच्या पगारातून दहावा हिस्सा कापला जात होता.

आणखी एक. युद्ध संपवणाऱ्या शिमोनोसेकीच्या तहातली तैवान आणि २० कोटी टेल (एक चिनी वजन) चांदीची खंडणी लेखात आली, पण चीनच्या बंदरांत कारखाने काढण्याची मुभा देणारे कलम राहून गेले. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जाई. या कलमानंतर त्या धंद्याचे काय झाले, यावर पुढच्या एखाद्या पुरवणीत वाचायला मिळाले तर बरे होईल.

— एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा