मागचा आडवा पाटा बसवताना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या १९२९ च्या मॉडेल ए रोडस्टरला मागे फोर्डचा जुना आडवा पाटाच, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसणारी पानांची स्प्रिंगच, ठेवणार आहेस हे वाचून फार बरं वाटलं. फोर्डने ही रचना १९४८ पर्यंत सोडली नाही, आणि हॉट रॉडच्या (जुनी मोटार बदलून वेगवान केलेल्या गाडीच्या) मागून ती कमान दिसली की गाडीला तिचं रूप येतं.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की कर. आपल्याकडच्या ट्रकचे उभे, म्हणजे गाडीच्या लांबीत बसणारे, पाटे वजनही पेलतात आणि ॲक्सलला जागेवरही धरतात. हा आडवा पाटा वजन पेलतो, पण ॲक्सलला पुढेमागे धरत नाही. ते काम मुळात टॉर्क ट्यूब (शाफ्टभोवतीची बंद नळी) आणि ॲक्सलच्या टोकांपासून तिच्याकडे जाणारे दोन रेडियस रॉड करत. तू नवा गिअरबॉक्स आणि उघडा शाफ्ट घालतोयस, म्हणजे टॉर्क ट्यूब गेली. तिच्या जागी टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सलच्या घराला फिरू न देणारा दांडा, आधी बसव. नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की ॲक्सलचं घर फिरू बघेल आणि सगळा पीळ शॅकलवर, म्हणजे पाट्याचं टोक ॲक्सलला जोडणाऱ्या कडीवर, येईल. रेडियस रॉड वेगळे करून चेसीच्या दोन बाजूंना बांधायची पद्धत मागच्या बाजूला मला पसंत नाही. एक चाक वर उचललं गेलं की ॲक्सलचं घरच पिळलं जातं आणि ब्रॅकेटच्या वेल्डला तडे जातात.

पाटा खोलताना जिवाला जप. पाने एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट नुसता सोडलास तर पाने उसळून अंगावर येतील. बोल्टच्या दोन्ही बाजूंना भक्कम सी-क्लॅम्प लाव, मग बोल्ट काढ आणि क्लॅम्प आळीपाळीने, थोडे थोडे सैल कर. ट्रकच्या उलट इथे मुख्य पान तळाला असतं आणि सगळ्यात आखूड पान वर, क्रॉसमेंबरला (चेसीच्या आडव्या तुळईला) लागून. पानांचा क्रम खडूने लिहून ठेव.

गंज पूर्ण काढ. वरच्या पानाचं टोक खालच्या पानात रुतून खाच पडलेली असते, ती घासून सपाट कर आणि टोकांच्या कडा गोल कर. पाना-पानांमध्ये ग्राफाइटचा थर दे. रोडस्टर हलकी आहे, त्यामुळे काही पाने काढावी लागतील. मुख्य आणि त्याच्या लगतचं पान सोडून मधली एक आड एक काढ. जेवढी जाडी कमी होईल तेवढे स्पेसर वर भर, म्हणजे यू-बोल्टची पकड राहते. गाडी आणखी खाली हवी असेल तर उलट्या डोळ्याचं (टोकाची गुंडाळी उलट बाजूला वळवलेलं) मुख्य पान घे, किंवा कमान प्रेसवर थंडच उतरव. गॅसने तापवून उतरवलेल्या पानाचं पाणी (टेंपर) उतरतं आणि ते बसतं. पाट्याजवळ वेल्डिंग करताना तो झाकून ठेव. ठिणगीचा एक डागही तडा जायला पुरतो.

पाटा वर चढवताना सेंटर बोल्टचं डोकं क्रॉसमेंबरच्या भोकात नीट बसलंय ना, हे यू-बोल्ट आवळण्याआधी बघ. मग स्प्रेडरने (पाटा ताणून लांबवणाऱ्या अवजाराने) डोळे फाकवून शॅकल घाल. स्प्रेडर ताणलेला असताना त्याच्या रेषेत उभा राहू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शॅकलचा कोन. पूर्ण वजन पडल्यावर शॅकल साधारण ४५ अंशांत लटकायला हवी. म्हणजे बॉडी, इंजिन, भरलेली टाकी, सीटवर माणसं किंवा वाळूच्या गोणी. रिकाम्या चेसीवर घेतलेलं माप उपयोगाचं नाही. कमान उतरली की पाटा लांबतो आणि शॅकल उभी होते. मग गाडी आडवी डुलते. तशी झाली तर आखूड मुख्य पान लागेल. उलट पाटा फार ताठ किंवा आखूड असेल तर शॅकल आडवी पडते आणि खड्ड्यातून उसळताना वर उलटून अडकू शकते. रबरी बुश असतील तर शॅकलचे नट वजन पडल्यावरच आवळ, आधी आवळलेस तर रबर पिळलेलंच राहून फाटेल.

कोन बरोबर असला तरी दोन्ही टोकांना शॅकल म्हटल्यावर थोडं डुलणं राहतंच. ॲक्सलला आडवं सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड घालच. एक टोक ॲक्सलला, दुसरं चेसीला, जमेल तितका लांब, आणि गाडी उभी असताना जमिनीला समांतर. क्रॉसमेंबर आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये किमान ३ इंच मोकळी जागा ठेव आणि रबरी बंप स्टॉप लाव.

पहिल्या शंभरेक मैलांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळ, कारण पाने एकमेकांवर बसली की ते सैल होतात. वजन टाकून गाडी उभी केलीस की मागून, शॅकलच्या उंचीवरून फोटो काढून पाठव. कोन बघून पुढचं कळवतो.

तुझा,
अनिल