जुन्या लॅपटॉपच्या पावतीवर प्रोसेसरची पिढीही लिहा

संपादक महोदय,

अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की नागपूरच्या सीताबर्डीतल्या रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेल्या जुन्या) लॅपटॉपच्या दुकानांत पालकांची गर्दी होते. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी मीही त्या गर्दीत होतो. नवा लॅपटॉप आवाक्याबाहेर होता, म्हणून "काका, आय सेव्हन आहे, डोळे मिटून घ्या" या शब्दावर विसंबून मी अठरा हजार रुपये मोजले. घरी आल्यावर लॅपटॉप उलटा करून पाहिला, तर तळाशी आधीच्या कंपनीचा बारकोड खरवडून काढल्याचा चिकट डाग होता आणि वर 'आय सेव्हन'चे नवेकोरे स्टिकर चमकत होते.

प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपची मुख्य चिप, इंटेल कंपनीचा आय सेव्हनच होता, पण सहाव्या पिढीचा, म्हणजे जुन्या मालिकेतला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे मला महाविद्यालयातल्या सरांकडून कळले. त्यांनीच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून दाखवला. बॅटरीची मूळ क्षमता ५०,१६० मिलिवॅट-तास होती आणि पूर्ण चार्ज केल्यावर ती जेमतेम २३,७०० भरत होती. चार्जर लावल्याशिवाय मुलीचा एक तासही पार पडत नसे. दुकानदाराने मात्र 'विकलेला माल परत नाही' एवढेच ऐकवले.

असे असूनही जुना लॅपटॉप घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून बदललेल्या यंत्रांची बांधणी स्वस्तातल्या नव्या यंत्रांपेक्षा अनेकदा मजबूत असते आणि बहुतेकांत रॅम व एसएसडी (माहिती साठवण्याची जागा) वाढवता येते. गोंदिया-गडचिरोलीहून शिकायला आलेल्या मुलांना तर दुसरा पर्याय क्वचितच असतो. फक्त सांगितलेल्या किमतीत नव्या बॅटरीचा खर्च मिळवूनच नव्या लॅपटॉपशी तुलना करावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंख्यात साचलेली धूळ आणि प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पण वाळलेली थर्मल पेस्ट यांमुळे जुने यंत्र तापून मंदावते, म्हणून ते उघडून स्वच्छ केले आहे का, हेही विचारावे.

माझे खरे मागणे पावतीबद्दल आहे. प्रोसेसरचे पूर्ण मॉडेल (आय सेव्हननंतर '६६००' असेल तर पिढी सहावी, 'आय फाइव्ह-८२५०' असेल तर आठवी), बॅटरीची आजची क्षमता आणि वॉरंटीत नेमके काय येते, या तीन गोष्टी दुकानदारांनी पावतीवर लिहून द्याव्यात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तसेच सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील. हे मला वेळीच ठाऊक असते तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तेव्हाच तक्रार नोंदवली असती; माझे तीस दिवस मात्र दुकानाच्या चकरा मारण्यातच गेले.

येत्या हंगामात भावाचा मुलगा शिकायला नागपूरला येतो आहे आणि त्याच्यासाठीही आम्ही जुनाच लॅपटॉप पाहणार आहोत. या वेळी दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढून बघू आणि या तीन ओळी पावतीवर लिहून मिळाल्याशिवाय पैसे देणार नाही.

आपला,
एक पालक, नागपूर