पालखीतले कोश

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतली ‘प्रत्येक हिंदूने वाचावीत अशी दहा पुस्तके’ ही यादी काल वाचली. आज पुन्हा वाचली. राग उतरला नाही, म्हणून लिहायला बसलो.

यादी कोणी कशी करावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. दहापैकी बहुतेक पुस्तके इंग्रजी आहेत, यालाही माझी हरकत नाही; माझी नातवंडे तीच वाचतील, निदान विकत तरी घेतील. पण यादीच्या वर आपल्या लेखकाने जे वाक्य टाकले आहे, ते गिळायला जड गेले. ‘आपल्या ग्रंथांचा अभ्यास परकीयांनी केला, आपल्याला मात्र त्यांची कदर नव्हती.’ हे वाक्य मराठी दैनिकात छापून यावे, तेही पुण्याची आवृत्ती काढणाऱ्या दैनिकात! आपल्या कचेरीतून कोणी रिक्षा करून विधी महाविद्यालय रस्त्यावर गेले असते, तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची पाटी दिसली असती.

त्या संस्थेत 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि 1966 साली ते पुरे झाले. मुख्य संपादक डॉ. सुकथनकरांनी आयुष्य त्यात घातले, 1943 मध्ये ते गेले. मग बेलवलकर, मग प. ल. वैद्य. बाराशेहून जास्त हस्तलिखिते पाहिली गेली. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ (ही दक्षिणेकडची एक लिपी), मल्याळम, सगळ्या लिप्यांतली. काही पोथ्यांचे काम तंजावरला झाले, काहींचे शांतिनिकेतनात. चौकटी आखलेल्या कागदांवर एकेका श्लोकाचे अक्षर न् अक्षर मांडून कोणत्या पोथीत काय फरक आहे ते टिपले गेले. छापील खंड उघडून पाहा: पानावर वरती चार-सहा ओळी मोठ्या टायपात श्लोक, आणि खाली उरलेले सगळे पान मुंगीएवढ्या अक्षरांत पाठभेदांनी भरलेले. जे श्लोक मागाहून घुसले असे ठरले, तेही फेकून दिले नाहीत. तारांकित करून तळाला किंवा परिशिष्टात ठेवले. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतो आहे, ही आपणा सर्वांची लाडकी कथासुद्धा या पंडितांनी मूळ संहितेतून बाहेर काढली. गणपतीच्या पुण्यात, गणपतीची पूजा करणाऱ्या माणसांनी! अभिमान वाटायचाच असेल तर मला याचा वाटतो. आपल्या यादीत याचा उल्लेख नाही. 2004 च्या जानेवारीत याच संस्थेची मोडतोड झाली ती आपल्या लेखकाला आठवत असेलच. तीही ‘अस्मिते’च्याच नावाने.

आणि ही काही साहेबाकडून उचललेली विद्या नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत लोकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या म्हणून नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ती शुद्ध करून ठेवली. वर तंबीही दिली की जो कोणी यात स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असे समजावे. आपल्या पुरवणीने रविवारी नेमकी तीच नरोटी ठेवली. त्या चौकटीबद्दल पुढे लिहितो.

आधी माझे गाऱ्हाणे. पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी संपादित केलेल्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड आमच्या वडिलांनी हप्त्याहप्त्याने घेतले होते. गोव्याच्या सत्तरीतल्या आंबेडे गावातून आलेल्या या माणसाने पुण्यात बसून दहा खंडांचा कोश उभा केला, हे वडील येईल-जाईल त्या प्रत्येकाला सांगत. गावदेवता, व्रते, जाती, नद्या, नाणी, मंदिरे, काय वाटेल ते त्यात काढून बघावे. वडील गेल्यावर, घरात कपाटापेक्षा दूरदर्शन संचाला जागा जास्त लागते म्हणून (हे माझे मत नव्हे, सूनबाईंचे) ते खंड मी आमच्या भागातल्या वाचनालयाला दिले. चार लोक वाचतील, ही भाबडी आशा.

पुढच्याच गुढीपाडव्याला शोभायात्रेत ग्रंथदिंडी निघाली. फेटे, नऊवारी, नाकात नथी, बुलेटवर मुली, लेझीम, ढोल, सगळे यथासांग. मीही गेलो होतो. मला शोभायात्रा आवडते, उगाच नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. पालखी जवळ आली तेव्हा कोपऱ्यावर नमस्काराला वाकलो तर वरती ज्ञानेश्वरी, आणि खाली जरीच्या कापडातून ओळखीच्या पुठ्ठ्याच्या कडा डोकावताहेत. आमचेच खंड! पालखीला उंची यावी म्हणून रचलेले. त्याहीखाली उंची कमी पडली म्हणून टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या. लोक भक्तिभावाने हळदकुंकू वाहत होते, एका काकूंनी तर पंचपात्रीतले पाणीही शिंपडले.

नंतर वाचनालयात गेलो. चौथ्या खंडाच्या पानांवर कुंकवाचे ओघळ, दोन खंडांची शिवण उसवलेली, आणि सहावा खंड गायब. टेबलापलीकडच्या बाई फार गोड बोलल्या. “काका, अहो किती लोकांनी नमस्कार केला तुमच्या पुस्तकांना!” मी विचारले, “उघडून पाहिलं का कोणी?” त्यावर त्यांनी रजिस्टर काढून दाखवले. वाचायला नेल्याची एकही नोंद नाही. पालखीसाठी नेल्याची मात्र होती, सहीनिशी. सहाव्या खंडाबद्दल दिंडी समितीला विचारा म्हणाल्या. समितीने वाचनालयाला विचारा म्हणून सांगितले. कोश अजून तिथेच आहे, काचेच्या कपाटात, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांच्या मागच्या रांगेत. कपाटाची किल्ली सचिवांकडे असते आणि सचिव संध्याकाळी असतात, तेही असले तर.

आता ती चौकट. यादीशेजारी आपण कमळाच्या नक्षीत एक श्लोक छापला आहे: ‘अहिंसा परमो धर्मः धर्महिंसा तथैव च’, आणि खाली ‘भगवद्गीता’. संपादक महाराज, गीतेत सातशे श्लोक. त्यांत हा नाही. ‘अहिंसा परमो धर्मः’ महाभारतात निरनिराळ्या ठिकाणी येते; अनुशासनपर्वात त्यालाच लागून ‘तथाहिंसा परो दमः’ असे आहे, म्हणजे पुढेही अहिंसेचीच थोरवी चालू आहे. ‘धर्महिंसा’वाला शेपटीचा तुकडा महाभारतात कुठेच नाही. तो मोबाइलवर फिरतो. भांडारकर संस्थेने महाभारताच्या श्लोकचरणांची अकारविल्हे सूची छापलेली आहे. ‘अहिंसा’पाशी बोट ठेवायचे, एवढेच काम. धर्मासाठी शस्त्र धरावे की नाही यावर कोणाला वाद घालायचा असेल तर गीतेत त्याला हवे तेवढे सापडेल, त्यासाठी खोटा श्लोक कशाला? पण दहा पुस्तके वाचा म्हणून सांगणाऱ्या पानावरच अकरावे पुस्तक उघडायचा कंटाळा झाला.

यादीत मराठी असे काय घालायला हवे होते, हे विचारलेत तर सांगतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा ‘वैदिक संस्कृतीचा विकास’: साहित्य अकादमीचा मराठीतला पहिलावहिला पुरस्कार, 1955. इरावतीबाई कर्व्यांचे ‘युगान्त’, जे चिकित्सक आवृत्ती पुढ्यात ठेवूनच लिहिले आहे आणि वाचून कोणाही पात्राला सरळ नमस्कार करता येत नाही, म्हणून ते आधी वाचावे. रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’. आषाढीला आपल्या पहिल्या पानावर पांडुरंग चार रंगांत असतो, तो कुठून कुठून आला ते तिथे आहे. विनोबांची धुळ्याच्या तुरुंगातली गीताप्रवचने तर जवळजवळ फुकटच मिळतात. आणि इंग्रजीच हवे असेल तर भारतरत्न पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास आहेच. गिरगावात राहून, हायकोर्टात वकिली करता करता, 1930 ते 1962 पर्यंत काढलेले पाच खंड. आठ प्रकारचे विवाह, बारा प्रकारचे पुत्र, नियोग, सगळे आधारासकट त्यात आहे. काणे काही लपवत नाहीत. म्हणूनच बहुधा ते पालखीत शोभत नाहीत आणि यादीतही बसत नाहीत.

आपल्या लेखकाबद्दल माझ्या मनात आकस नाही. तरुण असावेत, भाषा झणझणीत आहे. त्यांना एकदा भांडारकरला पाठवा. प्रवासभत्ता आपण द्या.

गीतेच्या नावावर खपवलेल्या त्या ओळीची दुरुस्ती आपण छापाल अशी अपेक्षा आहे. ‘अनवधानाने’ हा शब्द वापरलात तरी चालेल, पण निधनवार्तांच्या शेजारी तीन ओळींत नको.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना वर्गणीदार,
ठाणे

ता. क. रविवारचे ग्रंथपरीक्षणाचे पूर्ण पान आपण दोन स्तंभांवर आणलेत आणि बाकीच्या जागेत ‘स्विमिंग पूलसह टू बीएचके’ आले, ते आम्ही मुकाट्याने सोसले. पण पूर्वी परीक्षणाखाली पृष्ठे, किंमत आणि प्रकाशकाचा पत्ता तरी असायचा. तोही हल्ली गाळता. बिल्डरचा फोन नंबर मात्र ठळक असतो. पुस्तक मागवायचे तरी कोणाकडून, बिल्डरकडून?